जावयाचे पाय

सख्ख्या बहिणीचं गाठोडं सोडून तपासणारा मुन्शी सबंध निजामशाहीत दुसरा सापडला नसता. मादनगावच्या करोडगिरीच्या, म्हणजे सरकारी जकातीच्या, नाक्यावर मात्र तो होता, आणि वैशाखाच्या उन्हात घामाघूम होऊन बहिणीचीच वाट अडवून उभा होता.

“सोड बाबा, सोड,” नलिनीबाई म्हणाल्या. ओढ्यातून चालत आल्यामुळे त्यांचे पाय चिखलाने भरले होते. “मी काय आणलंय ते बघितल्याबिगर तुझ्या सरकारच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई.”

“अक्का, पलीकडून आलेलं गाठोडं उघडल्याशिवाय सोडता येत न्हाई. सगळ्यांना एकच कायदा.”

“पलीकडून म्हणं! अक्कलकोटाहून आलेय मी. दोन सालाखाली ह्याच वाटेनं आले तवा तू गाडी जुंपून ओढ्यापर्यंत आला होतास. आता मी परमुलखातली झाले व्हय?”

झाल्या होत्या खऱ्या. ओढ्यावर नाका पूर्वीपासून होता, पण तो सुपारी-तंबाखूपुरता. इंग्रज गेले, अक्कलकोट हिंदुस्थानात गेलं, निजामानं आपलं राज्य वेगळं ठेवायचं म्हटलं, आणि मादनगावाखालचा गुडघाभर पाण्याचा ओढा दोन देशांची सरहद्द होऊन बसला. तिकडून मीठ, कापड, औषध यायचं बंद झालं. इकडून माणसं बायकापोरं घेऊन तिकडच्या छावण्यांत जाऊ लागली, आणि त्या छावण्यांतली तरुण पोरं परत येऊन इकडचे नाके जाळू लागली. मादनगावचा नाका चैत्रात जळाला.

आता लिंबाखाली चार वासे रोवून वर कडबा टाकला होता. आगीतून वाचलेलं टेबल होतं, शेजारी सरकारी वजनकाटा टांगला होता. मुन्शी अच्युतरावांनी गाठ डाव्या हाताने सोडली. उजव्या तळहाताची कातडी भाजून आखडली होती, बोटं पुरती मिटत नव्हती. नाक्यावरचे शिपाई हुसेनमियाँ ओढ्याकडे तोंड करून उभे राहिले. भावाबहिणीच्या मध्ये बघू नये, एवढी समज त्यांना होती.

गाठोड्यात हळदीच्या काठांची पांढरी अष्टपुत्री होती. हिरवा चुडा होता, मुंडावळ्या होत्या. अच्युतरावांना काही विचारावं लागलं नाही.

“ह्याच वद्यातला मुहूर्त धरलाय,” नलिनीबाई आवाज उतरवून म्हणाल्या. “पुढं ज्येष्ठ. थोरल्या लेकीचं ज्येष्ठात करता येत न्हाई. मग आषाढ, मग चातुर्मास. तुळशीच्या लग्नापर्यंत ह्या ओढ्यावर काय होऊन बसंल, कोणाला ठाव?”

“मी हो म्हटलेलं न्हाई, अक्का.”

“न्हाई पण म्हटलेलं न्हाईस. लक्काम्माची गाडी अडवलीस, आता पोरीचं लग्न अडवायलास.”

हे त्यांना लागलं. मादनगावची जुनी शीव ओढ्यावर नव्हतीच. ती पलीकडे, माळावरच्या लक्काम्माच्या धोंड्यापाशी. जत्रेत देवीची गाडी तिथवर ओढत नेऊन परत आणायची, ही गावाची रीत. यंदा वरून हुकूम आला आणि अच्युतरावांनी गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबवली. तेव्हापासून गाव त्यांच्याशी कामापुरतं बोलत होतं. गावाच्या लेखी ते निजामाचे, आणि निजामाच्या वरिष्ठांच्या लेखी ते शेवटी हिंदूच. दोन्हीकडून संशय आणि पगार एकीकडूनच, अशी त्यांची गत झाली होती.

त्यांनी गाठोडं परत बांधलं. “स्वतःच्या वापराचं कापड,” हुसेनमियाँना ऐकू जाईल असं ते म्हणाले. “सोडा.”

“ह्या वयात मुंडावळ्या बांधून फिरू व्हय रे मी?” असं म्हणून नलिनीबाईंनी गाठोडं काखेत मारलं आणि त्या चालू लागल्या. हुसेनमियाँचे खांदे हलत होते, पण तोंड ओढ्याकडेच होतं.

*

घरी अच्युतरावांच्या बायकोनं, शारदाबाईंनी, पानं वाढली, तेव्हा थोरले दीर गुलबर्ग्याहून येऊन पाटावर बसलेच होते. श्रीनिवासराव वकील. कोर्टात उर्दूत बोलायचे, घरात मराठीत, आणि रागावले की कन्नडमध्ये. अजून मराठीवर होते म्हणून शारदाबाईंना जरा धीर होता. मीठ त्यांच्या एकट्याच्या पानात वाढलं. बाकीच्यांना आमटीत होतं तेवढं.

“दोन मुलखांचं जमंना,” श्रीनिवासराव म्हणाले, “आणि आपण सोयरीक करायलो. पोरगा कोण, तर मास्तर. बरं, मास्तर असू दे. पण छावणीत जाऊन बसलेला. इकडं त्याच्या नावानं वॉरंट आहे. तो मांडवात आला तर मांडवातूनच बेड्या घालून नेतील.”

“म्हणून तर लग्न अक्कलकोटात धरलंय, अण्णा,” नलिनीबाई म्हणाल्या.

“आणि हा तिकडं जाऊन कन्यादान करणार? निजाम सरकारचा मुन्शी, हिंदुस्थानात, छावणीवाल्याला पोरगी द्यायला? नोकरी तर जाईलच, वर फितुरीचा आळ येईल. रझाकारांच्या कानावर गेलं तर घर राहील का?”

शारदाबाई वाढता वाढता थांबल्या. त्यांना मुलगा पसंत होता. त्यांनी त्याला अवघा एकदा पाहिला होता, पण लेकीला रोज पाहत होत्या. सरहद्द अशी घट्ट झाली नव्हती तेव्हा नलिनीबाई तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून अनसूया सगळा पावसाळा अक्कलकोटात राहिली. शेजारच्या खोलीत हा मास्तर, प्राणेश, राहायचा. निजामाच्या मुलखातून आलेली पोरं त्याच्या वर्गात बसत, त्यांची पुस्तकं उर्दू, आणि ह्याला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. अनसूयेला वडिलांनी घरीच शिकवलं होतं. माडीवर वाती वळता वळता तिनं त्याला अलिफ-बे गिरवायला लावलं. नलिनीबाई राखणीला असायच्या, पण आजारी माणसाचा डोळा लागतोच. परत आल्यावर लेक गप्प झाली, आणि गप्प राहून सुखी दिसायला लागली. गोत्र आड येत नव्हतं, पत्रिका जुळली. फक्त देश जुळत नव्हते.

“भावजी, मग पोरीनं करावं काय?” शारदाबाईंनी विचारलं. थोरल्या दिरापुढे त्या सहसा बोलत नसत.

श्रीनिवासरावांनी भाताची मूद मोडली आणि थोडा वेळ कालवत राहिले. वकिलाचा हात चालू असला की डोकंही चालू असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“मी लग्न करू नका म्हणत न्हाई,” ते शेवटी म्हणाले. सगळ्यांनी माना वर केल्या. “मी म्हणतोय, अच्युतनं करू नये. नलू परत जाईल तवा पोरगी संगं जाऊ दे. आत्या आजारी, शुश्रूषेला गेली. तिकडं नलूच्या यजमानांनी कन्यादान करावं. इथं कोणी विचारलं तर अच्युत सांगंल, मला न विचारता केलं. आणि ते खोटंही होणार न्हाई, कारण आपण त्याला विचारायचंच न्हाई.”

“आणि सीमांतपूजन?” नलिनीबाईंनी विचारलं.

“छावण्यांतून लग्नं होतात, तिथं कोण सीमांतपूजन करतंय? तांदूळ टाकले की झालं.”

नलिनीबाईंनी शारदाबाईंकडे पाहिलं. इतका वेळ थोरला भाऊ एकीकडे आणि आपण दोघी एकीकडे, असं धरून त्या आल्या होत्या. आता थोरला भाऊच वाट दाखवत होता. वाट सोपी होती, नवऱ्याची नोकरी वाचत होती, लेकीचं लग्न होत होतं. शारदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. तिघांचं एक झालं.

“मी जाणार न्हाई,” स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून अनसूया म्हणाली.

*

अनसूयेला वाटलं होतं, बोलताना आवाज कापेल. तो कापला नाही. हातातली पळी तेवढी ती घट्ट धरून होती.

“म्हणजे?” नलिनीबाई म्हणाल्या. “मी मुंडावळ्या घेऊन आले ते काय माझ्यासाठी?”

“लग्न करायचंय, आत्या. पळून न्हाई जायचं. शिवेवर अप्पांनी त्यांचे पाय धुतले, तर मी तिथून पुढं जाईन. कन्यादान मग कोणी का करंना. पण अप्पांना न विचारता केलं, असं कोणी म्हणता कामा नये. अप्पांनी तर मुळीच न्हाई.”

“अगं, त्याच्या भल्यासाठीच चाललंय ना हे,” श्रीनिवासराव म्हणाले.

“त्यांच्या भल्यासाठी त्यांनी खोटं बोलायचं? काका, अप्पा खोटं बोलतात का?”

मघाशी जुळलेले तिघेही आता तिच्यावर उलटले. आई म्हणाली, हट्ट करू नकोस. आत्या म्हणाली, तिकडं तो पोरगा वाट बघायलाय, त्याला काय सांगू? काकांचं मराठी संपत आलं होतं.

“आणिक एक आहे,” अनसूया म्हणाली. हे बोलायचं की नाही, ह्यावर तिनं चैत्रापासून विचार केला होता. “आत्याला ठाऊक आहे. आईला न्हाई, काकांना न्हाई. चैत्रात नाका जाळायला जे आले होते, त्यांच्यात ते पण होते.”

“अनसूये!” नलिनीबाई ओरडल्या.

“होते. छावणीतल्या पोरांना उर्दू वाचता येत न्हाई. नाका कुठला आणि माणसं झोपायची झोपडी कुठली, हे कळावं म्हणून त्यांना संगं नेलं. त्यांनी पाटी वाचून दाखवली. ते वाचायला मी शिकवलं होतं. त्यांनी स्वतः आत्याजवळ कबूल करून चैत्रातच मला चिठ्ठी पाठवली. म्हणाले, हे लपवून मी तुला मागणार न्हाई.”

शारदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की अच्युतराव जेवायला घरी आले आहेत, दारात उभे आहेत आणि पायातल्या वहाणा त्यांनी अजून काढलेल्या नाहीत.

“अप्पा,” अनसूया म्हणाली, “तुम्हाला वेगळं सांगणार होते मी.”

अच्युतरावांनी लेकीकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. पान वाढून ठेवलं होतं. ते आले तसे वळले आणि नाक्याकडे निघून गेले.

“आता झालं समाधान?” श्रीनिवासराव कन्नडमध्ये म्हणाले.

*

अच्युतरावांना राग येत नव्हता, ह्याचाच त्यांना राग आला होता. ते काट्याखाली बसून होते. चैत्रातली ती धामधूम त्यांनी इतक्या वेळा आठवली होती की आता तिच्यात नवं काही उरलं नव्हतं. बाहेर पडा, असं कुणीतरी ओरडलं. ते आणि हुसेनमियाँ बाहेर पडले. छप्पर पेटलं. आणि मग सरकारी काटा आतच राहिला, हे त्यांच्या ध्यानात आलं. आता नवं एवढंच, की त्या अंधारातल्या एका माणसाला नाव आलं होतं.

“मुन्शीजी, खाना नक्को क्या?” हुसेनमियाँनी विचारलं.

“हुसेनमियाँ, त्या आगीत तुमचं काय गेलं?”

“मेरा? मेरा बिस्तरा गया, लोटा गया. और आप अंदर गये सो देख को मेरा जी गया.” हुसेनमियाँ हसले. मग अच्युतरावांचा चेहरा बघून हसायचे थांबले. “कैकू पूछते?”

उत्तर द्यायच्या आत अनसूया भाकरीचं फडकं घेऊन येताना दिसली. हुसेनमियाँ उठून बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून ओढ्याकडे गेले. नाक्यावर त्या वेळी एकही बैल नव्हता.

ती फडकं टेबलावर ठेवून समोर उभी राहिली. तपासणीला आलेली माणसं जिथं उभी राहतात तिथंच.

“आत कोणी उरलं न्हाई, असं त्यांना वाटलं होतं, अप्पा.”

“मी होतो.”

“तुम्ही बाहेर आला होता. परत आत गेलात.”

“सरकारी काटा होता.”

“काट्यासाठी कामून गेलात?” तिचा आवाज आता कापला. “लोखंडाचा काटा. त्याला काय झालं असतं? आई म्हणती, तुम्ही गेला असतात तर मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं. ह्या सरकारसाठी? ज्यानं तुमच्या हाताला औषध सुद्धा दिलं न्हाई?”

अच्युतरावांजवळ उत्तर होतं, पण ते लेकीसमोर बोलायला त्यांना लाज वाटत होती. माझ्या ताब्यातली वस्तू होती, एवढंच ते उत्तर होतं.

“त्यांचं पण तसंच आहे,” अनसूया म्हणाली. “ते काम आपलं आहे असं वाटलं की झालं, मग दुसरं काही दिसत न्हाई. मला खूप राग आला होता त्यांचा. आठ दिवस मी तुमच्या हाताला लोणी लावायले, आणि त्यांना मनात शिव्या द्यायले. पण अप्पा, त्यांनी आपणहून कबूल केलं. कोणी विचारलं नसताना. आपल्या घरात असं करणारं दुसरं एकच माणूस आहे. म्हणून तर मला ते आवडतात. आता सांगून टाकलं.”

असं कुठल्या मुलीनं बापाजवळ बोलायचे ते दिवस नव्हते. तिचे कान लाल झाले होते.

“मी न्हाई म्हटलं तर?”

“तर मी जाणार न्हाई. पण दुसऱ्या कोणासंगं बोहल्यावर पण उभी राहणार न्हाई. तुमच्याजवळ राहीन. भाकरी आणीन.”

अच्युतरावांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. ओढ्याकडे बघत राहिले.

“ओढ्यात उभं राहून मी त्याचे पाय धुणार न्हाई,” ते म्हणाले.

अनसूयेनं मान खाली घातली. “बरं,” ती म्हणाली आणि जायला वळली.

“ऐकून घे. ओढा ही सरकारची सरहद्द. गावाची शीव तिथं न्हाई. गावाची शीव लक्काम्माच्या धोंड्यापाशी. आजोबांनी माझ्या आत्यांच्या नवऱ्यांचे पाय तिथं धुतले, नलूअक्काच्या यजमानांचे पण तिथंच. जावयाचे पाय गावाच्या शिवेवर धुवायचे असतात. मध्येच कुठंतरी पाण्यात धुतले, तर ते सीमांतपूजन होत न्हाई.”

“अप्पा, धोंडा पलीकडं आहे. तिकडं हिंदुस्थान आहे.”

“कुठं आहे ते मला ठाऊक आहे,” अच्युतराव चिडून म्हणाले. “मी नाक्यावर मुन्शी आहे.”

*

घरी ह्यावरून जे व्हायचं ते झालं. श्रीनिवासराव मराठी, उर्दू आणि कन्नड ह्या तिन्ही भाषांत बोलले. नाक्याचा मुन्शी परवान्याशिवाय हद्द ओलांडणार, हे कुठल्या कायद्यात बसतं ते त्यांना ऐकायचं होतं. अच्युतराव म्हणाले, बसत नाही. मग? मग काही नाही. गाडी अडवली तेव्हा हुकूम होता, म्हणून अडवली. जावयाचे पाय शिवेवर धुऊ नका, असा हुकूम अजून आलेला नाही. आला तर बघू.

“माणूस सरळ असावा, पण इतका?” श्रीनिवासराव शारदाबाईंना म्हणाले. त्या उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या घरच्या विहिरीचं पाणी भरायला तांब्याची घागर चिंचेनं घासत होत्या. वकीलसाहेब थोडा वेळ बघत उभे राहिले आणि मग गुलबर्ग्याहून स्वतःसाठी आणलेलं रेशमी उपरणं काढून त्यांनी घागरीशेजारी ठेवलं. “जावयाला काहीतरी द्यावं लागतं,” ते म्हणाले. “मी येणार न्हाई. पण रिकाम्या हातानं जाऊ नका.”

*

प्राणेश उन्हं वर यायच्या आधीपासून धोंड्यापाशी उभा होता. शेंदूर फासलेला उभा दगड, भोवती तरवडाची झुडपं. नलिनीबाईंचे यजमान आणि भटजी सावली बघून बसले होते. नलिनीबाई आदल्या दिवशी येऊन निरोप देऊन गेल्या होत्या, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. मुन्शी स्वतः येणार? पाय धुवायला? त्याने ठरवून टाकलं होतं की शेवटी अनसूयेची आई तेवढी येईल, आणि ते त्याला योग्यच वाटलं असतं.

मग ओढ्याच्या उतरणीवरून माणसं वर येताना दिसली. पुढे एक बोडक्या डोक्याचा माणूस, धोतराचा सोगा ओला. टोपी नव्हती, म्हणून प्राणेशने त्यांना आधी ओळखलं नाही. मागे घागर घेतलेल्या शारदाबाई, मग नलिनीबाई, आणि त्यांच्यामागे हळदीच्या काठाच्या पांढऱ्या साडीत अनसूया. पावसाळ्यापासून त्याने तिला पाहिलं नव्हतं. ती बारीक झाली होती. तिनं वर पाहिलं नाही, पण ती आपल्याला बघतेय हे त्याला कळलं.

पाट मांडला. अच्युतराव खाली बसले. शारदाबाईंनी घागर कलती केली.

“पाय द्या.”

प्राणेशने पाय पुढे केला आणि तो हात पाहिला. गुलाबी, चकचकीत, आखडलेला. त्याने पाय मागे ओढला. “नका,” तो म्हणाला. “माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. ती पाटी मी वाचून दाखवली होती.”

“ठाऊक आहे.”

“मला माफ करा असंसुद्धा म्हणवत नाही मला.”

“मग म्हणू नका. माफ केलंय की न्हाई ते मलाच अजून ठाऊक न्हाई,” अच्युतराव म्हणाले. ते वर बघत नव्हते. “हाताची बोटं मिटत न्हाईत, त्यामुळं ओंजळीत पाणी ठरत न्हाई. तुम्ही असा पाय हलवायला लागलात तर घागर पुरायची न्हाई. पुढं घ्या.”

त्याने पाय पुढे घेतला. आखडलेला तळवा त्याच्या घोट्यावरून फिरला, टाचेवरून फिरला. मादनगावच्या विहिरीचं पाणी गार होतं. अच्युतराव सावकाश धूत होते, एकही बोट राहू नये असे. प्राणेशला रडू आवरेना, आणि नवरदेवाने रडायचं नसतं हेही त्याला आठवेना. शारदाबाई पाणी सोडता सोडता दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या.

“एक मागतो,” अच्युतराव हलक्या आवाजात म्हणाले. “तिकडं तुमची माणसं मला काय म्हणतात, मला ठाऊक आहे. ते हिच्या कानावर पडू देऊ नका.”

“तिच्यासमोर कोण म्हणेल? ती म्हणू देईल का?”

शारदाबाईंना रडता रडता हसू फुटलं. अच्युतरावांनी पहिल्यांदाच मान वर करून जावयाकडे नीट पाहिलं. मग त्यांनी गंध लावलं, अक्षता लावल्या, श्रीनिवासरावांचं उपरणं त्याच्या खांद्यावर घातलं. भटजींनी खूण केली तसा प्राणेशने नारळ त्यांच्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. वाकला तो बराच वेळ उठला नाही.

पुढे अक्कलकोटापर्यंत अच्युतराव जाणार नव्हते. नाक्यावर मुन्शी लागतो. शारदाबाई लग्न लावून आठवड्याने येणार होत्या. घागरीत उरलेलं पाणी त्यांनी लक्काम्माच्या पायाशी ओतलं आणि घागर नवऱ्याच्या हातात दिली. अनसूया पुढे आली. तिला खूप बोलायचं होतं, तिनं ते रात्रभर जुळवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती वडिलांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहिली.

“लोणी लावत जा, अप्पा,” ती म्हणाली. “विसरता तुम्ही.”

“व्हय,” ते म्हणाले. “जा आता. ऊन व्हायलंय.”

*

हुसेनमियाँनी मुन्शीची टोपी टेबलावर स्वच्छ फडक्यावर ठेवली होती आणि सकाळपासून तिच्यावर माशी बसू दिली नव्हती. ओढ्यातून एकटेच वर येणारे अच्युतराव दिसले तसे ते उठून उभे राहिले. एका हातात रिकामी घागर, दुसऱ्यात नारळ. टेबलाला वळसा घालून ते आपल्या जागी सरळ जाऊ शकले असते. ते अलीकडे, टेबलासमोर थांबले.

“पलीकडून आलोय,” ते म्हणाले. “तपासा.”

“नक्को जी, मुन्शीजी.”

“सगळ्यांना एकच कायदा. तपासा म्हटलं.”

हुसेनमियाँनी घागरीत डोकावून पाहिलं. “खाली है.”

“खालीच असणार. सगळं देऊन आलो.”

“और ये?”

“नारळ. पलीकडचा. ह्याच्यावर महसूल पडतो.”

“किसका नारियल, जी?”

अच्युतरावांनी नारळ टेबलावर ठेवला, मग परत उचलून छातीशी धरला.

“माझ्या जावयाचा,” ते म्हणाले.

हुसेनमियाँनी मान डोलावली. “खुद के इस्तेमाल का माल,” ते मोठ्याने म्हणाले, जणू शेजारी कुणी वरिष्ठ उभा होता. “छोड़ दिया.”

टेबलाच्या त्या बाजूला, वाटसरूंसाठी ठेवलेल्या दगडावर अच्युतराव इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. ते आता बसले, आणि नारळ मांडीवर धरून लहान मुलासारखे रडू लागले. हुसेनमियाँ ओढ्याकडे तोंड करून उभे राहिले.